हालाँग बेला बोटीवर रात्र काढायचीय? आधी महिना बघा, मग रूट, बोटीचे फोटो सगळ्यात शेवटी

आमच्याकडं सध्या व्हिएतनामचं वेड लागलंय बगा. संभाजीनगरात, नांदेडला, लातूरला ज्याला बघावं तो हनोईचं तिकीट काढायलाय, आणि प्रश्न सगळ्यांचे ठरलेले, बोटीवर रात्री राहायचं का नुसतं दिवसभराचं करायचं, माणशी कितीला पडतं, बोट हलते का, आईला घेऊन गेलो तर जमेल का आणि व्हेज मिळतं का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो. लांबलंय थोडं, पण पैसे भरायच्या आधी वाचा, भरल्यावर वाचून उपयोग नाही.

पहिली गोष्ट हिशोबाची. एजंट सांगतो "टू डेज वन नाईट", आपण मनात धरतो दोन दिवस. प्रत्यक्षात काय होतं, पहिल्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला हनोईतून गाडी निघते, साडेअकरा-बाराला तुम्ही धक्क्यावर, बोट सुटते साडेबाराच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला परत त्याच धक्क्यावर उतरवतात. म्हणजे बोटीवर तुम्ही एक दिवसाच्या आतच असता, त्यात झोप, तीन-चार जेवणं, आणि दुसऱ्या दिवशी नऊ-साडेनऊलाच केबिन खाली करा म्हणतात. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी आठच्या आधीच्या वेळेचे. दिवसाच्या बोटी संध्याकाळी परत जातात, शेकडो माणसांचा कलकलाट थांबतो, आणि बेटांच्या मधे नांगर टाकलेल्या मोजक्या बोटी उरतात. हीच वेळ चांगली मिळावी म्हणून कुठं नांगर टाकणार ते बघायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही, सगळे विचारतात केबिनमध्ये बाथटब आहे का.

आता हालाँग बे ही जागा काय आहे ते थोडक्यात. व्हिएतनामच्या ईशान्येला, चीनच्या हद्दीजवळ क्वांग निन्ह नावाचा प्रांत आहे, तिथं टाँकिनच्या आखातात साधारण पंधराशे चौरस किलोमीटरमध्ये १९०० च्या वर बेटं उभी आहेत, बहुतेक सगळी चुनखडीची आणि निर्मनुष्य. १९९४ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, २००० मध्ये भूगर्भाच्या महत्त्वासाठी परत नोंद झाली आणि २०२३ ला शेजारचा कॅट बा द्वीपसमूहपण त्यात जोडला. आपण मराठवाड्यातली माणसं काळ्या पाषाणाची, अजिंठा-वेरूळ माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलं. इथल्या गुहांना कुणी हात लावलेला नाही, पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आंबट होतं आणि लाखो वर्षं चुनखडीच्या भेगांतून झिरपत तिला विरघळवतं, त्यातून गुहा होतात, डोंगर सुटे सुटे होऊन खांबासारखे उभे राहतात. मग शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र वर आला आणि खालच्या दऱ्या बुडाल्या. म्हणजे तुम्ही ज्या बेटांमधून फिरता ती बुडालेल्या डोंगररांगेची शेंडी आहे. हे माहीत असलं की गाईडचं, ही बेटं ड्रॅगननं केली असलं पुराण ऐकायला अजून मजा येते.

महिना हा सगळ्यात मोठा निर्णय. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला अर्धा हा बेस्ट, हवा कोरडी, ऊन कोवळं, लांबपर्यंत दिसतं. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या त्यातच येतात आणि सोयाबीनचे पैसेही तोपर्यंत हातात आलेले असतात, म्हणून हे आपल्याला लय सोयीचं आहे. मार्च शेवट ते मे चालतं, मे मध्ये उकाडा आहे पण परभणीच्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला त्याचं काय, फक्त दमटपणानं अंग चिकचिक करतं ते वेगळं. जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची सुरुवात फसवी. थंडी पंधरा-सोळा डिग्रीवर येते, कधी त्याच्याही खाली, आणि बारीक भुरभुर पाऊस न् धुकं असतं. काही जणांना ते धुक्यातलं आवडतं, गूढ वाटतं म्हणे, पण तुम्हाला फोटोतलं हिरवं पाणी आणि निळं आभाळ पाहिजे असेल तर ते तेव्हा मिळेलच असं नाही. शिवाय जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत त्यांचं टेट, म्हणजे नवीन वर्ष असतं, तेव्हा दुकानं बंद, गाड्या महाग, व्हिसाचं ऑफिसपण सुट्टीवर.

जून ते सप्टेंबर मी स्वतः कुणाला जा म्हणत नाही. उन्हाळी पाऊस आणि वादळांचे दिवस आहेत. सप्टेंबर २०२४ ला यागी वादळ थेट याच भागावर आदळलं, किनाऱ्यावर नांगरलेल्या कितीतरी बोटी बुडाल्या. आणि १९ जुलै २०२५ ला दुपारी अचानक आलेल्या वादळी पावसात दिवसाच्या सहलीची एक बोट हालाँगमध्येच उलटली, तीसच्या वर माणसं गेली, बरीचशी आत अडकून. हे घाबरवायला सांगत नाही, पण आपल्याकडं पावसाळ्यात पॅकेज स्वस्त म्हणून लोक नाचतात, ते स्वस्त का असतं हे कळावं. वादळाचा इशारा आला की बंदराचे अधिकारी बोटींना परवानगीच देत नाहीत, मग सगळं कॅन्सल. कधी कधी बोट निघालेली असते आणि रात्री न राहता परत आणतात. म्हणून बुक करतानाच विचारून घ्या आणि लेखी घ्या, हवामानामुळं रद्द झालं तर पूर्ण पैसे परत का दुसरी तारीख, आणि अर्ध्यातून परत आणलं तर किती टक्के. "नो प्रॉब्लेम सर" हे उत्तर नाही, मेसेजमध्ये आकडा पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला त्यांच्या एजंटनं असंच गोड बोलून ठेवलं होतं, बोट रद्द झाल्यावर फोन उचलायचा बंद केला, शेवटी अर्धेच पैसे मिळाले आणि तेही तीन महिने मागं लागून.

आता रूट. लोक सगळ्यालाच हालाँग म्हणतात पण बोटी तीन भागांत फिरतात. मधला मुख्य हालाँग बे, तिथं सगळ्या प्रसिद्ध जागा, सुंग सोत गुहा, ति तोप बेट, लुऑन गुहा, आणि गर्दीपण तिथंच. दक्षिणेला लान हा बे, हे शेजारच्या हायफाँग शहराच्या हद्दीत, कॅट बा बेटाला लागून, इथं छोटी छोटी साडेतीनशे-चारशे बेटं आणि बारके वाळूचे किनारे आहेत, पाणी मोकळं, बोटी कमी. ईशान्येला बाई तू लाँग बे, तो सगळ्यात शांत पण तिकडं जाणाऱ्या बोटी मोजक्याच. धक्केपण वेगळे, तुआन चाऊ आणि हालाँग इंटरनॅशनल पोर्ट हे हालाँग शहराच्या बाजूला, आणि लान हाच्या बऱ्याच बोटी हायफाँगकडच्या गोत धक्क्यावरून किंवा तुआन चाऊवरून सुटतात. पहिल्यांदा जाणार, पोरं बरोबर, "ते नोटेवरचं बेट बघायचंय" म्हणणार, तर मुख्य हालाँग घ्या. नोटेवर खरंच आहे, दोन लाख डाँगच्या (डाँग म्हणजे तिकडचं चलन) नोटेमागं तिथलाच एक बारका सुळका छापलाय, लोक नोट धरून फोटो काढतात. पण तुम्ही दोघंच जाणार असाल किंवा रात्रीची शांतता हवी असेल तर लान हा. माझं मत विचाराल तर आपली माणसं लान हा घेतच नाहीत आणि तीच चूक होते, दृश्य उन्नीस-बीस, गर्दी निम्मी.

एजंटला विचारायचे प्रश्न म्हणून हे पाठ करा. बोट रात्री नांगर कुठं टाकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठली जागा दाखवणार. एकूण केबिन किती. बोट कुठल्या वर्षी बांधलेली किंवा दुरुस्त केलेली. उत्तर "व्हेरी न्यू सर" आलं तर परत विचारा. दहा ते वीस केबिनची मध्यम बोट मला बरी वाटते, चाळीस-पन्नास केबिनवाल्या मोठ्या बोटीवर स्विमिंग पूल वगैरे असतो, हलत अजिबात नाही, पण छोट्या होडीत बसायला रांग लावावी लागते आणि जेवणाला लग्नाच्या पंगतीसारखी धावपळ. वय झालेली माणसं बरोबर असतील तर मात्र मोठी बोट घ्या, लिफ्ट असते काहींत.

बजेटचं सांगतो. ट्विन शेअरिंगवर (एका केबिनमध्ये दोघं) माणशी साधारण १०० ते २०० डॉलरमध्ये ठीकठाक ते चांगली बोट मिळते, त्याच्यावर कितीही जाऊ शकतं. त्यात जेवणं, गुहांची तिकिटं, कयाक किंवा बांबूची होडी बहुतेक धरलेली असते. काय धरलेलं नसतं ते बघा, हनोई-हालाँग गाडी, पाणी सोडून सगळी ड्रिंक्स, टिप, आणि एकटा असाल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे केबिन एकट्यानं वापरण्याचे जादा पैसे. स्वतःची दारूची बाटली नेली तर ती उघडायचे पैसे, म्हणजे कॉर्केज, लावतात, हे आपल्या मित्रमंडळींनी आधीच ऐकून ठेवा, तिथं वाद घालू नका. गाडी बोटीवाल्यांकडूनच घ्या, ते ज्याला लिमोझिन म्हणतात ती म्हणजे नऊ-दहा रुंद सीटची व्हॅन, हनोईहून एक्स्प्रेसवेनं अडीच-तीन तास, मधे एका मोठ्या दुकानात थांबवतात तिथं मोती आणि कसले कसले चित्रं विकायला असतात, टॉयलेटला जाऊन या आणि गाडीत बसा. भारतातून पूर्ण टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो, पावती जपून ठेवा, लोक विसरून जातात.

व्हिसा. ई-व्हिसा स्वतः काढा, अर्धा तास लागतो. सिंगल एंट्री २५ डॉलर, मल्टिपल ५०, ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो. सरकारी साईटच्या नावाच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट व्हीएन असतं, गुगलवर वरती येणाऱ्या बाकीच्या साईटी दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन तेच फॉर्म भरतात. पासपोर्ट सहा महिने तरी व्हॅलिड पाहिजे. आता आपल्याकडच्या दोन खास भानगडी. एक, आपल्या पासपोर्टवर नावाबरोबर वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्ये असतं, ते सगळं जसंच्या तसं, त्याच क्रमानं भरायचं, तिकिटावरपण तेच. दोन, जुन्या पासपोर्टवर जन्मगाव औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असतं, फॉर्ममध्येही तेच भरा, उगं अभिमानानं नवीन नाव टाकू नका, पासपोर्टवर जे आहे ते खरं. फोटो चष्म्याशिवाय. तीन कामाचे दिवस लिहिलेलं असतं पण दहा-पंधरा दिवस हातात ठेवा. कुठल्या विमानतळावर उतरणार ते फॉर्ममध्ये निवडावं लागतं, हनोईला उतरणार तर नोई बाई. आणि मंजूर झाला की दोन प्रिंट काढा, मोबाईलवर दाखवू म्हणू नका.

जायचं कसं, तर जालना-संभाजीनगरवाल्यांनी रात्रीच्या देवगिरीनं मुंबई गाठायची, तिथून हनोईच्या डायरेक्ट फ्लाईट आहेत. नांदेड, लातूर, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं, तिथूनही व्हिएतनामला आता डायरेक्ट जाता येतं, दोन्हीकडचे रेट बघा मगच ठरवा. गाडी लेट झाली तर विमान थांबत नाही म्हणून एक दिवस आधीच पोचा, मुंबईत एखाद्या आत्याकडं, मावशीकडं टेकायला जागा असतेच. स्वस्त एअरलाईनच्या तिकिटात बऱ्याचदा फक्त सात किलोची हातातली बॅग असते, चेक-इन बॅग आधीच विकत घ्या, काउंटरवर घेतली तर तिकिटाइतके पैसे जातात. तिकडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं.

पैशांचं एक. एक रुपयाला साधारण ३०० डाँग धरा, रेट हलतो. शून्यांनी डोकं फिरतं, पाण्याची बाटली दहा हजार. तीन शून्यं मनातल्या मनात काढायची आणि उरलेल्याला तीननं गुणायचं, झाले अंदाजे रुपये, म्हणजे दहा हजार डाँग म्हणजे तीस-पस्तीस रुपये. वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळसर, प्लॅस्टिकच्या, संध्याकाळच्या अंधारात सारख्याच दिसतात. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

खाण्याकडं येतो, कारण निम्मे लोक इथंच अडतात. बोटीवर मुख्य जेवण म्हणजे मासे, कोळंबी, कालवं, खेकडा. ज्यांना चालतं त्यांची चंगळ आहे, समोरच्या समुद्रातलं ताजं असतं. व्हेजवाल्यांनी बुकिंगच्या वेळी, मग दोन दिवस आधी मेसेजवर, मग बोटीत चढल्या चढल्या मॅनेजरला, असं तीनदा सांगायचं. आणि नुसतं "व्हेज" म्हणायचं नाही. मटण-चिकन नसलं की झालं असं समजून ते भाजीत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस घालतात, त्यांच्या स्वयंपाकात तो आपल्या मिठासारखा चालतो. म्हणून लिहून द्या, मांस नाही, मासा नाही, फिश सॉस नाही, ऑयस्टर सॉस नाही, अंडं चालतं का नाही. जैन असाल तर कांदा-लसूणपण. तिकडं बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेला शाकाहारी खातात त्यामुळं शाकाहार त्यांना कळतो, "आन चाय" म्हणलं की लक्षात येतं. मिळतं काय, तर टोफू टोमॅटोच्या रश्शात, लसूण घालून परतलेली पालेभाजी, व्हेज स्प्रिंग रोल, भात, फळं भरपूर. पोट भरतं, जीभ भरत नाही. सांगायचं एवढंच की शेंगदाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, थोडा मेतकूट बरोबर ठेवा, भातावर टाकलं की काम होतं. धपाटे पहिले दोन दिवस टिकतात, हनोईतच संपवा. लोणच्याची तेलाची बरणी हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सिक्युरिटीला काढतील, चेक-इनमध्ये टाका, दोन पिशव्यांत बांधून. चहाची सवय असेल तर इन्स्टंट चहाची पाकिटं न्या, तिकडं कॉफीचं राज्य आहे आणि ती कॉफी लय कडक असते.

बोट हलते का, याचं उत्तर, जवळजवळ नाही. हजारो बेटं मधे असल्यानं मोठ्या लाटा आत येतच नाहीत, पैठणला नाथसागरात बोटिंग केलंय ना, तेवढंच. ज्यांना घाटात एसटीत त्रास होतो त्यांनीही घाबरायचं कारण नाही, गोळी बरोबर ठेवा म्हणजे मनाला बरं वाटतं. त्रास होतो तो केबिनच्या जागेचा. खालच्या मजल्यावर मागं जनरेटर असतो, रात्रभर घुर्रर्र चालू, आणि पहाटे नांगर उचलताना साखळीचा खडखडाट पुढच्या केबिनला. वरचा मजला आणि मधली केबिन मागा, बुकिंगच्या वेळी मागितली तर फुकट देतात, तिथं गेल्यावर मागितली तर अपग्रेडचे पैसे.

केबिनमध्ये शिरल्यावर आधी फोटो नका काढू, दोन मिनिटं हे करा. लाईफ जॅकेट कुठं ठेवलंय ते बघा, बहुतेक कपाटात नाहीतर पलंगाखाली, बाहेर काढून मोजा, पोरांच्या मापाचं नसेल तर लगेच मागा. काच फोडायचा छोटा लाल हातोडा कुठंय ते बघा. दार आणि बाल्कनीची काच आतून पटकन उघडते का ते एकदा उघडून बघा. बोटीवर सुरुवातीला सेफ्टीचं सांगतात तेव्हा आपली माणसं वेलकम ड्रिंकमध्ये गुंतलेली असतात. छोट्या होडीत बसताना जॅकेट घालायचंच आणि बेल्टपण लावायचा, गळ्यात अडकवून काही होत नाही, पाण्यात ते वर निघून जातं. आभाळ अचानक काळं झालं, वारा सुटला, तर आत केबिनमध्ये बसून राहू नका, जॅकेट घालून क्रू सांगेल तिथं थांबा.

दिवसभरात काय काय होतं ते आता. चढलं की जेवण, बोट हळूहळू निघते, बेटं जवळ यायला लागतात. जेवायला खिडकीच्या टेबलावर बसा, नाहीतर पटकन खाऊन वरच्या डेकवर जा, पहिला तास सगळ्यात भारी असतो आणि लोक तेव्हा स्वीट डिशची वाट बघत बसतात. एक गोष्ट बघा म्हणून सांगतो, गाईड सांगत नाही. बेटाच्या कड्याला पाण्याच्या रेषेवर आडवी खाच पडलेली दिसेल, कुऱ्हाडीनं झाडाच्या बुंध्याला घाव घालत नेल्यागत, वरचा डोंगर पुढं आलेला आणि खाली आत गेलेला. समुद्रानं चुनखडी खाऊन ती केलीय. ओहोटीला ही खाच पूर्ण उघडी पडते आणि तिच्या खालच्या ओठावर कालवांची करडी-पांढरी खरखरीत झालर दिसते, हात लावू नका, ब्लेडसारखं कापतं. इथली भरतीपण वेगळी, कोकणात दिवसातून दोनदा भरती येते, या आखातात बहुतेक दिवस एकदाच, आणि मोठ्या भरतीला तीन-चार मीटरचा फरक पडतो. म्हणून लुऑन गुहेतून होडी कधी आरामात जाते आणि कधी डोकं खाली घालावं लागतं.

सुंग सोत गुहा बघताना पायऱ्या आहेत, चढ आणि उतार मिळून बऱ्याच, आत ओलसर असतं म्हणून मागचा पट्टा असलेल्या सँडल घाला, बाथरूम स्लिपरवर जाऊ नका. दुसरा हॉल एवढा मोठा की माणसं मुंग्यांएवढी दिसतात. ति तोप बेटावर वर जायला ४०० च्या वर पायऱ्या, वरून खाली बोटी विखुरलेल्या दिसतात तोच तो पोस्टरवरचा फोटो. बेटाचं नाव सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोववरून आहे, १९६२ ला हो चि मिन्ह त्याला इथं घेऊन आले होते. गुडघ्याचा त्रास असलेल्या काका-मावशींनी खाली किनाऱ्यावर बसावं, खालचा किनारा पण छान आहे, पोहायचं असेल तर तिथंच, बोटीवरून उड्या मारू देत नाहीत आणि मारूही नका. कयाक आणि बांबूची होडी यात निवडायला सांगतात, पोहता येत नसेल तर होडी, तिथली बाई वल्हवते, उतरताना वीस-तीस हजार हातावर ठेवा. पोहता येतं आणि दंडात जोर आहे तर कयाक, पण नवरा-बायको एका कयाकमध्ये बसणार असाल तर कोण दिशा ठरवणार ते आधीच मिटवून घ्या.

तरंगती गावं दिसतील, कुआ व्हान वगैरे. पूर्वी तिथं कोळ्यांची कुटुंबं पिढ्यानपिढ्या पाण्यावरच राहायची, २०१४ च्या सुमारास सरकारनं त्यांना जमिनीवर घरं देऊन हलवलं, आता बरंचसं पर्यटकांसाठी आणि मासे-मोत्यांच्या शेतीसाठी उरलंय. त्यामुळं "कोळ्यांचं खरं जीवन बघा" असं कुणी विकत असेल तर हसून पुढं जा. प्लॅस्टिकचं पण ध्यानात ठेवा, एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक खाडीत २०१९ पासून बंद आहे, स्वतःची बाटली न्या, बोटीवर भरून देतात. आणि वेफर्सची पाकिटं डेकवर ठेवू नका, वाऱ्यानं उडून पाण्यात जातात, मग सगळे आपल्याकडंच बघतात.

रात्री जेवण झालं की गाणी-बिणी लावतात, काही बोटींवर कराओके. दहाच्या पुढं बोटीच्या मागच्या बाजूला या. पाण्यावर एक प्रखर दिवा सोडलेला असतो, त्याच्या हिरवट उजेडात बारके मासे गोळा होतात आणि त्यांच्यामागं माकूळ (स्क्विड) येतं, ते पकडायचं. बांबूची काडी, दोरा, काटा, एवढंच सामान, वर-खाली, वर-खाली करत राहायचं. मिळालं तर मिळालं. मजा गप्पांची असते, क्रूची पोरं मोकळी होतात, भारतातले हिरो-हिरॉईन विचारतात. मोबाईलला बेटांच्या आड रेंज येते-जाते, घरी "पोचलो" असा फोन धक्क्यावरूनच करून ठेवा, नाहीतर गावाकडं रात्रभर कुणी झोपत नाही. चार्जरचं टेन्शन नको, आपली दोन पिनांची बहुतेक बसते. बाथरूममध्ये जेट स्प्रे असतो, हेपण लोक हळूच विचारतात म्हणून सांगितलं.

सकाळी साडेसहाला डेकवर ताई-ची घेतात, ते नाही केलं तरी चालेल पण त्या वेळी उठून बाहेर या, याचेच पैसे दिलेत. एक जाकीट हवंच, दिवाळीतसुद्धा डेकवर पहाटे गार लागतं. मग नाष्टा, एखादी गुहा, केबिन खाली, बिल मिटवा आणि बिलावर आपण न घेतलेल्या मिनी बारच्या गोष्टी नाहीत ना ते वाचा. शेवटचं जेवण साडेदहालाच देतात, भूक नसते, पण हनोईला पोचायला तीन-चार वाजतात म्हणून खाऊन घ्या.

परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर रात्री आठच्या आधीचं घेऊ नका, धुकं किंवा रस्त्यानं उशीर झाला तर धाप लागते. दोन रात्रींची क्रूज घ्यावी का, तर लान हा बाजूला कॅट बा बेटावर व्हिएत हाय गावात सायकल चालवायची असेल तरच, नुसत्या बेटांसाठी एक रात्र पुरे. उरलेला दिवस निन्ह बिन्हला द्या, हनोईहून दोन तासांवर, तशीच चुनखडीची डोंगरं पण भातशेतीत उभी. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलमध्येच ठेवून जा, परत तिथंच येणार म्हणलं की फुकट ठेवतात, बोटीवर एका रात्रीपुरती सॅक बास.